शेरामागे छटाक

केंद्र, ९ जानेवारी

ती. दादा,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, पण त्यात माझा दोष नाही. वाऱ्याने खालचा रस्ता बुजवून टाकला होता. गाडीवाले काका वर पोहोचले ते आज दुपारी. टपाल, बटाटे आणि तू पाठवलेला स्टोव्हचा वॉशर, सगळं एकाच पोत्यातून निघालं. वॉशर बसवला. स्टोव्ह आता फुरफुरत नाही. बसवण्याआधी कडा पुसून घेतली होती, तेव्हा पुढच्या पत्रात ते विचारू नकोस.

मी मजेत आहे. छपरावरचा बर्फ रोज ओढून काढावा लागतो, त्यामुळे खांदे दुखतात आणि झोप छान लागते. सकाळी मोजणीच्या उतारावर जाऊन आले. यंदाचा बर्फ वरून टणक आणि खाली साखरेसारखा मोकळा आहे. आधी पाय धरून ठेवतो आणि विश्वास बसला की सोडून देतो. कमरेपर्यंत गेले. बघायला कोणी नव्हतं ते बरं.

एक सहज विचारायचं होतं. तू केलेली ती बर्फाची नळी अजून घरात आहे का? असली तर पाठवशील? घाई नाही, पण लवकर.

वहिनीला सांग, हातमोजे अगदी मापात आले.

तुझी,
चिंगी


वर्कशॉप, २० जानेवारी

चि. चिंगी,

आशीर्वाद. ‘घाई नाही, पण लवकर’ हे मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वन्संना घाई आहे." सहज म्हणून तू जन्मात काही विचारलेलं नाहीस. लहानपणी ‘सहज’ विचारून माझी सायकल घेऊन गेलीस ती दुसऱ्या दिवशी परत आली होती, आणि तीही हँडल वाकडं करून.

नळी आहे. कुठे आहे ते सांगतो, पण हसू नकोस. तुमच्या खात्याने ती चकचकीत पेटीतली नवी नळी मागवली आणि माझी घरी आली, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत खिडकीच्या वर दोन ब्रॅकेट बसवून तिथे ती मांडली. आल्यागेल्याला दिसावी म्हणून. आठवड्याच्या आत तिच्यावर पडदा चढला. मी विचारलं तर तुझी वहिनी म्हणाली, "नुसती पडून होती, कामाला लागली." तेव्हापासून आपल्या घरात शास्त्रीय उपकरणावर फुलाफुलांचा पडदा आहे.

तर नवी नळी मोडली म्हणायची. मी काही बोलणार नाही. मात्र आठवण करून देतो. तू नोकरीला नवीन होतीस, तुमची परदेशी नळी कुठल्याशा ऑफिसात अडकून पडली होती आणि बर्फ काही कोणासाठी थांबणार नव्हता. तू माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन भुशाच्या ढिगात बोट खुपसून दाखवलंस, दादा, असं खोल जायला हवं, आतला बर्फाचा खांब न मोडता वर यायला हवा, तो काट्यावर टांगला की त्यात पाणी किती ते कळतं आणि उन्हाळ्यात खालच्या गावांना नदी किती पाणी देणार ते सांगता येतं. मी एकदाच ऐकलं. अॅल्युमिनियमची नळी, तोंडाला दातेरी पोलादी कडं, अंगावर कोरलेल्या खुणा. शाळा मी आठवीत सोडली, शिकणं सोडलं नाही. नंतर दर उन्हाळ्यात ती धार लावायला माझ्याकडे यायची आणि थंडीआधी परत जायची. एवढी वर्षं तिने तक्रार केली नाही.

इथल्या हॉस्पिटलच्या टाक्यांना भोकं पाडून पाइप बसवायचं काम हातात आहे. ते उरकलं की धार लावतो आणि पाठवतो. बोथट हत्यार मी घराबाहेर जाऊ देत नाही.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, नळी खुशाल न्या, पण माझा पडदा वाऱ्यावर सोडू नका. यांना एक साधी दांडी करायला सांगा. लोकांच्या टाक्या होतात, घरची दांडी होत नाही. – वहिनी


केंद्र, २९ जानेवारी

दादा,

हे पत्र मिळताच हातातलं काम ठेव आणि वाच. नळीला धार लावू नकोस. पुसूही नकोस. आहे तशी पाठव. पडद्यासकट आली तरी चालेल.

सहज विचारलं नव्हतं. वहिनीने बरोबर ओळखलं.

नवी नळी मोडलेली नाही. उत्तम चालते. अडचण तीच आहे. ती आल्यापासून माझ्या उतारावरच्या बर्फातल्या पाण्याचा आकडा एकदम खाली गेलाय. हळूहळू उतरलं असतं तर बर्फच कमी पडतोय असं म्हटलं असतं. हे जिन्याच्या पायरीसारखं आहे, आणि पायरी नेमकी नळी बदलली त्या वर्षी. आमच्या ऑफिसात एक आकडेवाला आहे. हुशार आहे, बर्फात बूट घालून कधी उभा राहिलेला नाही, पण हुशार आहे. त्याने पायरी पाहिली आणि म्हणाला, जुनी नळी जास्त दाखवत असणार. मी म्हटलं, असेल, किती जास्त ते काढू आणि वजा करू. तो म्हणाला, कोणत्या वर्षीचं काढणार? दर उन्हाळ्यात तिला धार लागायची. दर वर्षी तोंड थोडं बदललं असणार. म्हणजे दर वर्षीची चूक वेगळी.

म्हणून तुला ‘सहज’ विचारलं.

एप्रिलमध्ये बैठक आहे. आमच्या मोठ्या बाई ठरवतील. जुनी वर्षं टाकून द्यायची आणि नव्या नळीपासून पाटी कोरी करायची असा त्यांचा कल दिसतो. दादा, ती जुनी वर्षं म्हणजे मी. लग्न केलं नाही, शहरात बदली घेतली नाही, दर हिवाळ्यात त्याच उतारावर त्याच जागांवर उभी राहिले. एका हिवाळ्याच्या मोजणीला अर्थ नसतो. अनेक हिवाळे शेजारी शेजारी उभे राहिले तरच डोंगर काही बोलतो. ते गेले तर मी इतकी वर्षं वर काय करत होते, हे मलाच सांगता यायचं नाही.

बर्फ वितळायच्या आत दोन्ही नळ्या एकाच जागी घालून पाहायच्या आहेत. म्हणून हात लावू नकोस, एवढंच.

चिंगी


वर्कशॉप, ८ फेब्रुवारी

चि. चिंगी,

पत्र पोहोचलं. धार त्याच्या आदल्या संध्याकाळीच लावून झाली होती.

माझी नळी जास्त दाखवते हे तू खुलासेवार लिहिलंस, बरं झालं. बूट न घातलेल्या माणसाच्या तोंडून कळण्यापेक्षा घरच्या माणसाकडून कळलेलं चांगलं. त्या माणसाला सांग, ‘थोडं बदललं असणार’ हे वाक्य माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी उच्चारलं तर त्याला चहा मिळत नाही. मी धार नजरेने लावत नाही, गेजला लावून बघतो. पण ते असो. तुमच्यात शिकलेली माणसं आहेत, ठरवतील.

नळी पडद्याला चांगली शोभते. राहू दे तिथेच.

दादा


(त्याच पाकिटात, किराणा दुकानाच्या पिशवीच्या कागदावर)

वन्सं, यांनी पाकीट चिकटवलं, मी वाफेवर धरून उघडलं. तुमचं पत्र हे पुन्हा पुन्हा वाचतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. काल जेवता जेवता उठले, स्टूल आणलं, पडदा माझ्या अंगावर टाकला आणि नळीचं तोंड खिडकीशी धरून बघत बसले. भाजी गार झाली. मी म्हटलं, "बहिणीने नळीला नावं ठेवली, तुम्हाला नाही." तर म्हणाले, "एकच आहे." रुसलेत, पण लाकडी पेटी माळ्यावरून काढून पुसून ठेवली आहे. तुम्ही एक गोड पत्र लिहा. फार गोड नको, संशय येईल.


केंद्र, १५ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार. गोड लिहायला मला येत नाही, म्हणून कामाचं विचारते. गेज म्हणजे नक्की काय? तू दर वर्षी एकच गेज वापरतोस का? पहिल्या वर्षीचाच?

नळी बरोबर आहे की चूक आहे, हे मी बर्फालाच विचारीन. त्याची मला भीती नाही. ती दर वर्षी सारखी होती की नाही, हे मात्र जगात फक्त तू सांगू शकतोस. सारखी असेल तर माझे हिवाळे वाचतात. तेव्हा रुसायचं असेल तर एप्रिलनंतर रूस. मी स्वतः खाली येऊन समजूत काढीन.

खालच्या झाडीतला बर्फ दुपारी ओला व्हायला लागलाय.

चिंगी


वर्कशॉप, २३ फेब्रुवारी

चि. चिंगी,

आशीर्वाद. मी रुसलो नव्हतो. कामात होतो.

गेज म्हणजे पोलादाची एक पट्टी. नळीच्या तोंडाची कड कशी असावी, उतार केवढा, दात केवढा, त्या आकाराची खाच तिच्यात कापलेली आहे. धार लावली की तोंड त्या खाचेत बसवायचं आणि उजेडाकडे धरायचं. खाचेतून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा कानस. दिसेनाशी झाली की झालं. नळी केली त्याच दिवशी पट्टी केली, तारीख कोरली. मधे कडं झिजलं म्हणून दोनदा नवं केलं, तेही त्याच पट्टीवर. तिने दुसरं काही काम कधी केलेलं नाही. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली असते आणि तुझ्या वहिनीला ती कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून ती अजून पट्टी आहे. नाहीतर एव्हाना तिची कशाच्या तरी खाली पाचर झाली असती.

पेटीत नळी आणि पट्टी दोन्ही आहेत. पट्टी उघड्या हाताने धरू नकोस, गंज चढतो. आकडेवाल्याच्या हातात देशील तर त्याचे हात आधी धुवून घे.

नळी जास्त दाखवते म्हणतेस तर दाखव. पण नीट दाखव.

तुझा,
दादा


केंद्र, २४ मार्च

ती. दादा,

नमस्कार. आकडेवाला स्वतः वर आला होता. मोठ्या बाईंनी पाठवला. पहिल्या दिवशी काठाकाठाने चालला, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत गेला. मी हात देऊन काढला. नंतर स्वतःहून म्हणाला, "इथे दर हिवाळ्यात तुम्ही एकट्याच?" तेव्हापासून चहा तोच करतो.

आम्ही खड्डे खणले. जमिनीपर्यंत. खड्ड्याची भिंत सरळ कापायची, मग पत्र्याच्या डब्याने वरपासून खालपर्यंत एकेक थर कापून काट्यावर घालायचा. फार वेळखाऊ काम, म्हणून तर नळी लागते. पण दोन नळ्यांचं भांडण सोडवायला खड्ड्यासारखा पंच नाही. प्रत्येक खड्ड्याच्या शेजारी तुझी नळी घातली आणि नवी घातली.

नवी खड्ड्याशी जुळते. तुझी जास्त दाखवते. शेरामागे छटाक, सोळाला एक.

आता पुढचं वाच. टणक बर्फात छटाक, मोकळ्या साखरेत छटाक. उताराच्या माथ्यावर छटाक, खाली झाडीपाशी छटाक. आकडेवाल्याने शेवटी जागा स्वतः निवडल्या, तुझी नळी कुठेतरी घसरेल या आशेने. तिथेही छटाक. इतकी एकसारखी चूक मी पाहिलेली नाही. मी हसायला लागले. तो म्हणाला, "यात हसण्यासारखं काय?" त्याला कसं सांगणार, की हा माणूस घरी चहाचा कपसुद्धा बशीच्या बरोबर मधोमध ठेवतो.

एक कळत नाही. जास्त का दाखवते? भिंगातून पाहिलं. नव्या नळीच्या तोंडाचा उतार बाहेरच्या अंगाला आहे, तुझ्या नळीचा आतल्या अंगाला. असं का केलं होतंस?

चिंगी


वर्कशॉप, २ एप्रिल

चि. चिंगी,

आशीर्वाद. तुझं पत्र बाकापाशी उभ्या उभ्या वाचलं, आणि शेवटच्या ओळीला आल्यावर खाली बसलो.

कापायच्या तोंडाला उतार दोन अंगांनी देता येतो. बाहेरून दिला तर आतला तुकडा नेमका निघतो आणि बाहेरचं थोडं चिरडतं. आतून दिला तर भोक नेमकं पडतं आणि चिरडलेलं सगळं आत जातं, तुकड्यात. तुझी छटाक तिथून आली. पात्याखालचा बर्फ बाहेर जायचा तो आत जात होता.

मी आयुष्यभर टाक्यांना, पत्र्यांना भोकं पाडली. टाकीवाल्याला भोक हवं असतं. आतला तुकडा खाली पडतो, संध्याकाळी केरात जातो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. तू भुशात बोट घालून दाखवलंस तेव्हा मला भोक दिसलं. तुला तुकडा हवा होता. आपण दोघं एकाच नळीकडे बघत होतो, तू तिच्या आत आणि मी बाहेर.

मला दोन्ही येतं, हे लिहून ठेव. तुझ्या स्टोव्हचा वॉशर मी बाहेरून उतार दिलेल्या, ठोकून कापायच्या पंचाने कापलाय, कारण वॉशर म्हणजे तुकडा. त्या दिवशी हात सवयीने गेला.

याला चूक म्हणायचं की नाही ते बैठकीत ठरवा. पट्टीवर मात्र कोणाला बोलू देऊ नकोस.

तुझा,
दादा


केंद्र, २० एप्रिल

ती. दादा,

नमस्कार. काल बैठक झाली.

पट्टी टेबलावर फिरली. मी म्हटलं, उघड्या हाताने नको, तर मोठ्या बाईंनी पदर पुढे केला. आकडेवाल्याने नळीचं तोंड खाचेत बसवून खिडकीकडे धरलं, मग दिव्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे. बाई म्हणाल्या, "काय दिसतंय?" तो म्हणाला, "काही नाही. तेच तर." कोरलेली तारीख बाईंनी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी सांगितलं, माझ्या भावाने. त्या म्हणाल्या, "त्यांनी फक्त पहिल्या वर्षी चूक केली. नंतर दर वर्षी तीच जपली." हे कौतुक होतं, दादा. त्या असंच करतात.

जुनी वर्षं राहिली. प्रत्येकातून छटाक काढली, आणि जिन्याची पायरी गेली. मागे उरला एक लांब, मंद उतार. बर्फ खरंच कमी होतोय, पण हळू. ही बातमी आनंदाची नाही, तरी ती खरी आहे, आणि मी ती नीट ऐकून घेतली. तक्त्यात त्या रकान्याला ‘जुनी नळी, दुरुस्त’ असं नाव दिलंय.

आणखी एक ठरलं. यापुढे दर हिवाळ्यात दोन्ही नळ्या शेजारी शेजारी घालायच्या. म्हणजे तुझी नळी कामावर रुजू झाली. मे अखेरीला धार लावायला येईल.

वर आज ऊन आहे. पागोळ्या लागल्यात. मी पायरीवर बसून हे लिहितेय आणि पाय ओले होताहेत तरी उठावंसं वाटत नाही.

चिंगी


वर्कशॉप, ६ जून

चि. चिंगी,

आशीर्वाद. नळी आणि पट्टी सुखरूप पोहोचल्या. पट्टीवर बोटाचा एकही ठसा नाही. तुमच्या बाईंना नमस्कार सांग.

‘दुरुस्त’ या शब्दाबद्दल. माझ्या नळीची दुरुस्ती झालेली नाही. तुमच्या आकड्यांची झाली. रकान्याचं नाव बदलता आलं तर बघ.

नळीचं तोंड बाकावर माझ्यासमोर आहे. उतार कुठल्या अंगाला हवा हे आता मला माहीत आहे आणि तो तसा मी द्यायचा नाही, हेही माहीत आहे. पट्टीत बसवून पुन्हा तसाच द्यायचा. हात शिवशिवतात. चुकीची धार बिनचूक लावायची, आणि तीही दर वर्षी, असं काम मला अजून कोणी सांगितलं नव्हतं. लावतो आहे. रेघ दिसत नाही.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, दांडी झाली. पितळी आहे, पडदा बोटाने ढकलला तरी सरकतो. आता म्हणतात, पडदाच वाकडा शिवलाय. तुम्ही बोलावलंत तर यंदा थंडीत यांना वर पाठवते. मलाही जरा निवांत होईल. – वहिनी


घर, ११ फेब्रुवारी

चि. चिंगी,

आशीर्वाद. काल सुखरूप पोहोचलो. गाडीवाले काका गप्पिष्ट आहेत, तुझ्या लहानपणीचं त्यांना बरंच सांगून ठेवलंय. तुझ्या स्टोव्हचा वॉशर आणखी एक हिवाळा जाईल, मी पाहून घेतला. केंद्राच्या दाराची वरची बिजागरी सैल आहे, तिचे स्क्रू वेगळे पाठवतो. बाकी व्यवस्था चांगली आहे. तुझी माणसंही चांगली आहेत. आकडेवाला चहा पातळ करतो, पण मनापासून करतो.

तुझ्या वहिनीने विचारलं, "उतारावर काय पाहिलंत?" मी सांगितलं, वारा नव्हता, खाली दरीत नदी सुतासारखी दिसत होती, आणि आपली चिंगी बर्फावरून अशी चालते की जणू घरात चालतेय.

एक तुला सांगायचं राहिलं. नळी तू मला घालू दिलीस, मी फिरवून खाली नेली, जमीन लागली ती हाताला कळली, वर काढली. तू नळी घेऊन लगेच काट्याकडे गेलीस आणि मागे वळून हाक मारलीस, "दादा, दम लागला का?" मी हात हलवला. दम लागला नव्हता. मी गुडघ्यावर बसून भोकात बघत होतो. ऊन तिरपं होतं, तरी तळापर्यंत दिसत होतं, आत निळसर उजेड होता, आणि कडेला एक कणसुद्धा ढळलेला नव्हता.

भोक सरळ पडलं होतं, चिंगे.

तुझा,
दादा